टॅबला हार्ड डिस्क टिकत नाही – मदत हवी आहे

जुई_के: टॅबला ओटीजी केबलने (टॅबला पेनड्राइव्ह, डिस्क वगैरे जोडायची केबल) १ टीबीची हार्ड डिस्क लावली की दिवा लागतो, टकटक आवाज येतो आणि डिस्क गायब होते. केबल बदलून झाली. स्पर्धा परीक्षेची सगळी लेक्चर्स त्यात आहेत आणि टॅबच्या ३२ जीबीत जागाच नाही. शिवाय नोट्स काढायला कीबोर्ड लावायचाय. काय विकत घेऊ? लवकर सांगा, परीक्षा तोंडावर आलीय.

काटेकोर: पोर्ट मायक्रो यूएसबी की टाइप-सी? पेनड्राइव्ह चालतो का? डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर आहे का? एवढं कळल्याशिवाय सांगणार काय?

रानवारा: कीबोर्ड ब्लूटूथचाच घ्या. डाँगलवाल्याने (पोर्टात छोटा रिसीव्हर लावायचा असतो तो) पोर्ट अडतं.

जुई_के: टाइप-सी. पेनड्राइव्ह चालतो. अ‍ॅडॉप्टर नाही, एकच वायर आहे.

काटेकोर: म्हणजे ओटीजी ठीक आहे, करंट कमी पडतोय. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना बराच करंट ओढते. यूएसबी २.० ची मर्यादाच ५०० मिलीअँपियर, आणि स्वस्त टॅब बहुधा तेवढाही देत नाही. मोटर फिरू लागते, पुन्हा बंद पडते, तोच टकटक आवाज. आता पुन्हा लावून बघू नका, डिस्क बिघडेल. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब (एका पोर्टला अनेक वस्तू जोडायचा डबा) घ्या. आधी हबला वीज, मग डिस्क, शेवटी टॅब. त्या हबवरून टॅबही चार्ज होईल असं धरून चालू नका, बऱ्याच स्वस्त टॅबना ते एकाच वेळी जमत नाही.

पन्हाळा७: हबने टीव्हीला जोडता येईल का? माझ्याकडे एचडीएमआयवाला पडलाय.

काटेकोर: पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येत असेल तरच. स्वस्त टॅबमध्ये बहुतेक येत नाही. कास्ट करा, म्हणजे वायफायवरून टीव्हीवर दाखवा. आणि वेगळा धागा काढा.

मधुरा_ठाणे: जुई, डिस्क विंडोजवर फॉरमॅट केलेली आहे का? एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) असेल तर हब आणूनही बहुतेक अँड्रॉइड टॅब ती वाचत नाहीत. "फॉरमॅट करा" असं विचारलं तर अजिबात हो म्हणू नका, सगळं पुसलं जाईल.

जुई_के: विंडोजचीच आहे! मग हब घेऊ की नको?

मधुरा_ठाणे: नको. मेमरी कार्ड घ्या. लॅपटॉपला डिस्क लावा, कार्ड रीडरमध्ये कार्ड, आणि हवी तेवढी लेक्चर्स कॉपी करा. कार्ड कसं वापरायचं असं टॅबने विचारलं तर "पोर्टेबल" निवडा.

रानवारा: पोर्टेबल कशाला? "इंटर्नल" करा, अ‍ॅपपण कार्डावर जातील, टॅब मोकळा होईल.

मधुरा_ठाणे: इंटर्नल केलं की कार्ड त्या टॅबपुरतं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतं. लॅपटॉपच्या रीडरमध्ये उघडणारच नाही, मग कॉपी कशी करणार? त्यात कार्ड संथ असेल तर अ‍ॅप रखडतात. त्यांना व्हिडिओ ठेवायचेत, अ‍ॅप नाहीत.

रानवारा: ए१ खुणेचं (अ‍ॅप चालवण्यासाठीचं) कार्ड घेतलं तर रखडत नाहीत.

काटेकोर: फरक पडतो, पण टॅबच्या आतल्या मेमरीची बरोबरी होत नाही. जुई, टॅबच्या खोक्यावर कार्डाची कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती पाहूनच घ्या. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. टॅबला ते चाललं नाही तर टॅबमध्येच फॉरमॅट करून घ्या, पण ते फॅट३२ या जुन्या पद्धतीचं झालं तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणार नाही. कॉपी करण्याआधीच हे करा.

मधुरा_ठाणे: लॅपटॉप घरीच असतो का? मग कार्ड नसतानाही आजच्या आज काम होईल. डिस्कवरचा फोल्डर विंडोजमध्ये शेअर करा, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि टॅबमध्ये व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं अ‍ॅप टाका. त्यात लोकल नेटवर्कमध्ये लॅपटॉप दिसतो. युजरनेम, पासवर्ड विंडोजचाच, पिन नाही.

जुई_के: दिसला! पण पासवर्ड घेत नाहीये.

मधुरा_ठाणे: मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करता का? तर युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल टाका.