मदत हवी आहे : सासऱ्यांचं ७०+चं आयुष्मान कार्ड, इंदूर

मीनल :
सासरे ७४, सासूबाई ७१, दोघं रामबागेत राहतात. घरात जुनं आयुष्मान कार्ड आहे. सासऱ्यांना पुढच्या आठवड्यात अँजिओप्लास्टी सांगितली आहे. ७०+चं कार्ड वेगळं काढायचं का? त्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही. शिवाय ह्यांच्या कंपनीच्या पॉलिसीत दोघांची नावं आहेत, ती आड येईल का?

सुहास :
मीनलताई, वेगळं काढाच. जुन्या कार्डाचे वर्षाला ५ लाख सगळ्या घरात मिळून असतात. ऑक्टोबर २०२४ला सुरू झालेल्या 'वय वंदना' कार्डाचे ५ लाख त्याहून निराळे, फक्त ७० पूर्ण झालेल्यांसाठी. मात्र नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले तरी दोघांत मिळून ५च लाख, प्रत्येकी नाहीत. इथेच हिशेब चुकतो. जुनं कार्ड आहे म्हणून नवं आपोआप होत नाही, दोघांचंही ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) पुन्हा करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला नको, आधार पुरे. वयही आधारवरचंच धरतात.

म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, तेव्हा मशीनशी झटापट करू नका. आयुष्मान ॲपवर आधारशी जोडलेल्या मोबाईलच्या ओटीपीने काम होतं. नंबर बंद असेल तर चेहऱ्याने करा : चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून बसवा आणि सांगेल तेव्हा पापण्या मिटून उघडायला लावा. पाठीमागे खिडकी असली की फोटो नाकारला जातो.

वैशाली :
कंपनीची पॉलिसी आड येत नाही, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा)सुद्धा नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असतं, तर ते किंवा वय वंदना, एकच निवडावं लागलं असतं.

आता भरतीचं बघा. हॉस्पिटल योजनेच्या यादीत असणं पुरेसं नाही, हृदयविकारासाठी यादीत आहे का ते योजनेच्या हेल्पलाइनवर, १४५५५वर विचारा. भरतीच्या आधी आयुष्मान मित्राच्या (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) टेबलावर कार्ड आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट, सीडीसकट, द्या. मंजुरी त्यावरच येते. स्टेंट पॅकेजमध्येच धरलेला असतो, वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १४५५५ला तक्रार नोंदवा. आधी पैसे भरून मागाहून बिल परत मिळण्याची सोय ह्या योजनेत नाही, म्हणून घाईत डिपॉझिट भरू नका.

ओपीडी ह्यात येत नाही. घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं मिळतात. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कित्येक महिने चालतात, त्या एक दिवसही चुकवायच्या नसतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतील.

मीनल :
नंबर बंदच आहे. आज दोघांचंही चेहऱ्याने करून बघते.