गोफरचं स्वतः काढलेलं चित्र सगळ्यांना वापरायला द्यायचंय, लायसन्स कुठलं लावू?

मी गो ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय आणि तिचं बोधचिन्ह असलेला तो निळा गोफर (उंदरासारखा प्राणी) फेटा बांधून, हातात ढोलकी असलेला असा काढलाय, मस्त जमलाय. आता मीटअपवाल्यांना पोस्टर, स्टिकर कशालाही वापरता यावा असं वाटतंय. फाइल नुसती टाकून दिली तर चालेल का?

— नुसती टाकू नकोस. लायसन्स लिहिलं नसेल तर कॉपीराइट तुझाच धरला जातो आणि नियमाने चालणारा माणूस हातच लावत नाही. मूळ गोफर रने फ्रेंच यांचा, तो क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन (सीसी बाय) या लायसन्सवर आहे, म्हणजे बदल करा, विका, पण नाव द्या. तेव्हा तू काहीही लावलंस तरी त्यांचं नाव पाहिजेच, आणि ते रीडमीत (चित्रासोबत ठेवायच्या माहितीच्या फाइलीत) लिही, कारण चित्राच्या कोपऱ्यातलं नाव स्टिकर कापताना उडतं.

— रस्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा खेकडा फेरिस बघ, कॅरेन रुस्टाड टोल्वा यांनी तो सीसी झीरोवर, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलाय, नाव द्यायचंही बंधन नाही, म्हणून तर त्याची इतकी रूपं दिसतात! रस्टचा लोगो मात्र वेगळा, तो ट्रेडमार्क आहे, त्याचे नियम रस्ट फाउंडेशन ठरवतं.

— आणि ताई, नॉन-कमर्शियल (कमाईसाठी वापरायला मनाई असलेलं) लायसन्स लावू नका प्लीज. मीटअपला स्टिकर विकून हॉलचं भाडं काढायचं म्हटलं तरी लोक अडतात. पीएनजीसोबत एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी स्पष्ट राहणारी फाइल) पण द्या, बॅनरवर मोठं केलं की पीएनजी फाटतं.

— ओके, मग सीसी बाय ४.० लावते, एसव्हीजी आज रात्री टाकते.