मदत हवी आहे: घरचं ब्रॉडबँड आमच्यावर नजर ठेवतंय का?

नमस्कार मंडळी, मी देवगडचा. घरी फायबरचं कनेक्शन आहे, इथल्याच केबलवाल्याचं. गेल्या आठवड्यात आईच्या थायरॉइडबद्दल माझ्या लॅपटॉपवर बरंच शोधलं. दोन दिवसांत बाबांच्या मोबाईलवर थायरॉइडच्या तपासण्यांच्या जाहिराती! बाबा फक्त हवामान आणि वाशीचा हापूसचा भाव बघतात. आई फार अवघडली, आणि मलाही राग आला. घरातलं दुखणं घरातच राहायला हवं ना?

साइट एचटीटीपीएस (म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी, सांकेतिक जोडणी) असली तर आतलं पान इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसत नाही, पण कोणत्या साइटवर गेलो हे डीएनएसवरून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवरून, कळतं. ब्रिटनमध्ये बीटी या फोन-इंटरनेट कंपनीने २००६-०७ मध्ये ग्राहकांना न सांगता 'फॉर्म' या कंपनीची, ग्राहक काय बघतात त्यावरून जाहिराती दाखवणारी यंत्रणा चालवून पाहिली होती, म्हणून शंका जात नाही. की हे जाहिरातवाल्यांच्या कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेच्या छोट्या फाइली) आणि एकाच वायफायमुळे घरातल्या सगळ्यांचा इंटरनेटवरचा पत्ता एकच दिसतो, त्यामुळे होतंय?

ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' (डीएनएसची विचारणा सांकेतिक करणारी सोय) चालू केलंय. तेवढं पुरेल का? राउटर केबलवाल्याचा, पासवर्ड तो देत नाही. स्वतःचा राउटर लावता येतो का? आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा आधार घेऊन 'आमची कोणती माहिती साठवता' असं कंपनीला लेखी कोणी विचारलंय का? अर्जाचा मसुदा असेल तर कृपया पाठवा.