गाडीची बॅटरी बदलण्याआधी विजेची गळती मोजावी
गाडीची बॅटरी रात्रीतून उतरते म्हणजे ती संपली, नवीनच बसवा, हा सल्ला मला अपुरा वाटतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य घटते हे खरे; पण गाडी बंद असताना वीज कुठे जाते हे न पाहता बसवलेली नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच उतरू शकते. परभणीत माझ्याबाबतीत नेमके तेच झाले, आणि खर्च दोनदा करावा लागला.

ही गळती मोजण्यासाठी गाडी बंद ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवावी आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर (विजेचा प्रवाह मोजणारे उपकरण) १० ॲम्पियरच्या रेंजवर जोडावा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र कधीही फिरवू नये. यात बहुतेकांकडून राहून जाणारी गोष्ट अशी, की वायर पुन्हा जोडताच गाडीतले कंट्रोल युनिट (छोटे इलेक्ट्रॉनिक संगणक) जागे होतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा मोठाच दिसतो. दारे लॉक करून किमान अर्धा तास थांबल्यावर येणारे वाचनच खरे धरावे. ते साधारण ५० मिलिॲम्पियरच्या (०.०५ ॲम्पियरच्या) आत असावे. माझ्याकडे ते ०.९ ॲम्पियर होते, म्हणजे दहा तासांत ९ ॲम्पियर-तास (बॅटरीतल्या विजेचे माप), आणि ३५ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीला रोज एवढा फटका सोसत नाही. एकेक फ्यूज काढत गेल्यावर म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजला आकडा खाली आला: बाहेरून बसवलेल्या ॲम्प्लिफायरची चालू-बंद करणारी वायर इग्निशनऐवजी थेट बॅटरीच्या कायम पुरवठ्याला जोडलेली होती.