युनो नुसती बडबड? मग देवीच्या रोगाचं काय

"युनो म्हणजे भाषणं, मोठे देश कधी एकत्र येत नाहीत" हे अर्धं पटतं, व्हेटोचे, म्हणजे एका बड्या देशाच्या नकाराने ठराव अडवायचे, खेळ बघून कुणीही वैतागेल. पण देवीचा रोग आठवा की. ऐन शीतयुद्धात, १९५८ ला, सोव्हिएत रशियाने डब्ल्यूएचओत, म्हणजे युनोच्याच आरोग्य संघटनेत, देवी जगातून हटवायचा ठराव मांडला, लसीचे कोट्यवधी डोस दिले आणि १९६७ पासून मोहीम चालवली कुणी तर अमेरिकन डॉक्टर हेंडरसननी! ती दुतोंडी सुई, टोकाच्या फटीत थेंबभर लस अडकायची आणि दंडावर पटापट टोचे, माझ्या आईच्या दंडावर तो गोल वण अजून आहे. १९७५ ला भारतातली शेवटची केस, १९८० ला जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. हां, आपल्याकडे काही ठिकाणी लोकांना धरून जबरदस्तीनेही टोचलंय, मानवी हक्कांच्या अंगाने त्यावरही बोला कुणीतरी.