शनिवारच्या ट्रिबलांवरून रविवारी पेटलेला ग्रुप

नाईक (सेक्रेटरी): सुप्रभात. काल पाऊस असूनही 'स्टार ट्रेक'चे दोन एपिसोड बघायला हॉलमध्ये बरीच मंडळी आली, आभार. आज ११ ते १ टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवावे.

शुभदा वहिनी: भरलं. रोहन, एक सांग. दुसऱ्या एपिसोडमध्ये तो खडबडीत कपाळाचा वर्फ बारमध्ये बसलेला असतो, सगळे त्याच्याकडे बघतात, तो काहीतरी पुटपुटतो आणि आख्खा हॉल हसतो. मी तेव्हा भजी वाढत होते. काय म्हणाला तो?

रोहन: वहिनी, नेमका एपिसोडचा जीवच चुकवलात! पहिला एपिसोड १९६७ चा, जुन्या स्टार ट्रेक या अंतराळमालिकेचा, ट्रिबल नावाच्या भराभर वाढणाऱ्या केसाळ गोळ्यांचा. त्यातले क्लिंगॉन, म्हणजे परग्रहावरची लढवय्यी जात, गुळगुळीत कपाळाचे, आपल्यासारखेच दिसणारे. दुसरा १९९६ चा, 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेचा. स्टार ट्रेकला ३० वर्षं झाली म्हणून यांनी आपली माणसं काळात मागे पाठवून थेट त्या जुन्या एपिसोडच्या फिल्ममध्ये घुसवली. वर्फही क्लिंगॉनच, पण त्याच्या कपाळावर हे मोठाले कंगोरे. दोन्ही जाती पहिल्यांदाच समोरासमोर. वर्फचा सहकारी ओब्रायन विचारतो, जनुकांत काही फेरफार केला का? डॉक्टर बशीर विचारतो, विषाणूमुळे झालं का? वर्फ म्हणतो, ते क्लिंगॉनच आहेत, मोठी गोष्ट आहे ती. आणि मग : बाहेरच्यांशी आम्ही त्यावर बोलत नाही.

शुभदा वहिनी: हाहाहा. आमच्या सासरची मंडळी.

शुभदा वहिनी: (सासू ग्रुपवर नाहीत म्हणून लिहिलं)

कामत काका: रोहन, जनुकं नाहीत आणि विषाणूही नाही. पैसे नव्हते. गावच्या जत्रेच्या नाटकांना मी बरीच वर्षं रंगभूषा केली आहे. पडदा दहाला, आणि नऊला कळतं की राक्षस चार आहेत आणि मेकअपमन एकटा. मग दाढी चिकटवा, रंग फासा, चला विंगेत. काल पहिल्या एपिसोडमध्ये तो क्लिंगॉनांचा कोलॉथ कॅप्टन आला तेव्हा मला क्लिंगॉन दिसलाच नाही, घाईत असलेला मेकअपमन दिसला. कंगोरे आले १९७९ च्या पहिल्या चित्रपटात, कारण तिथं सिनेमाचं बजेट होतं. आपली पर्सिस खंबाटा टक्कल करून आहे ना, त्यातच.

रोहन: एकदम बरोबर काका. पण गंमत बघा. तो कोलॉथ १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाइन'मध्येच परत आलेला आहे. तेच पात्र, तोच नट, विल्यम कॅम्पबेल. कपाळावर कंगोरे! आणि कोणी एक शब्द काढत नाही.

कामत काका: मग तेच योग्य. प्रेक्षकानं समजून घ्यायचं की हा आधीपासून असाच होता, फक्त १९६७ मध्ये आपल्याला नीट दिसला नव्हता. नाटक बघणाऱ्याला एवढं कळतं.

रोहन: १९९४ पर्यंत चाललं ते. १९९६ मध्ये दोघं एकाच खोलीत आल्यावर गप्प कसं बसणार? म्हणून वर्फच्या तोंडी ते वाक्य. पण कंपनीला चैन कुठलं! २००५ मध्ये 'एंटरप्राइज' या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेत लागोपाठ दोन एपिसोड खर्च करून खुलासा केला. क्लिंगॉन शास्त्रज्ञांच्या हाती माणसांच्या सुधारित जातीची जनुकं लागतात, ती स्वतःच्या सैनिकांवर वापरायला जातात, त्यातल्या एकाला फ्लू असतो, विषाणू ती जनुकं उचलतो आणि साथ पसरते. माणसं वाचतात, पण कपाळं सपाट होतात. पुढच्या पिढीतही.

शुभदा वहिनी: म्हणजे ओब्रायन पण बरोबर आणि डॉक्टर पण बरोबर?

रोहन: तेच तर! १९९६ मध्ये थट्टेत टाकलेले दोन्ही अंदाज त्यांनी एकत्र शिवले. लिहिणाऱ्यानं तो बारमधला प्रसंग किती वेळा बघितला असेल! मला ही कारागिरी वाटते.

कामत काका: मला ठिगळ वाटतं. वर्फच्या एका वाक्यात त्या जातीचा सगळा ताठा होता. काहीतरी लाजिरवाणं घडलंय आणि हे लोक मरतील पण सांगणार नाहीत, एवढं कळलं की पुरे. तुम्ही त्याचा मेडिकल रिपोर्ट काढलात. आता वर्फ ते वाक्य म्हणतो तेव्हा मला फ्लू आठवणार.

नाईक (सेक्रेटरी): मधेच बोलतो. वार्षिक सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात. एकदा कायम झाले की खाडाखोड नाही. १९६७ चा एपिसोड कायम झालेला आहे.

रोहन: नवा ठराव तर आणता येतो ना, नाईक बाब? २००५ चे दोन एपिसोड म्हणजे नवा ठराव.

कामत काका: मग त्याला माझा विरोध नोंदवा.

नाईक (सेक्रेटरी): नोंदवला.

ईशान (नववी): मी हिशेब केला. जुन्या एपिसोडमधला जहाजावरचा अधिकारी स्पॉक गोदामातले ट्रिबल १७,७१,५६१ सांगतो ना? एका ट्रिबलला दहा पिल्लं, म्हणजे आई धरून अकरा. दर बारा तासांनी नवी पिढी. तीन दिवस म्हणजे सहा वेळा. ११ चा सहावा घात. कॅल्क्युलेटरवर बरोबर १७,७१,५६१ आले!!

शुभदा वहिनी: शाब्बास रे. आणि परवा टेस्टमध्ये घातांकाला भोपळा?

ईशान (नववी): आई इथे नको ना

रोहन: ईशान, भारी. टीव्हीवर असे आकडे बरेचदा नुसते भारदस्त वाटावे म्हणून फेकलेले असतात. हा खरा निघतो. डेव्हिड जेरॉल्डनं ही कथा लिहिली तेव्हा अगदी तरुण होता, आणि मोजून लिहिलं होतं. १९९६ च्या एपिसोडमध्ये तो स्वतः जहाजाच्या कॉरिडॉरमध्ये उभा आहे बघा, कर्मचाऱ्याच्या वेशात.

शुभदा वहिनी: आणि त्या कॅप्टन कर्कच्या डोक्यावर ट्रिबल पडतात ते? आधी ढीग कोसळतो ते ठीक, पण नंतर तो बोलत असतो आणि वरून एकेक टपकतच असतो. मला वाटलं सेटवर कोणी वर बसून टाकतंय.

रोहन: वहिनी, १९६७ मध्ये तसंच होतं! पण १९९६ वाल्यांनी काय केलं ते तुम्ही बघितलंत, फक्त जोडलं नाहीत. कोणीतरी एका ट्रिबलमध्ये बॉम्ब लपवलाय. 'डीप स्पेस नाइन'चे कॅप्टन सिस्को आणि त्याची सहकारी डॅक्स वर गोदामाच्या आत बसून एकेक ट्रिबल यंत्रानं तपासतात आणि तपासून झालेला मागे भिरकावतात. तो खाली जातो. खाली कोण? कर्क. टप. टप. तीस वर्षं पडणाऱ्या त्या ट्रिबलांना कारण मिळालं, आणि जुन्या एपिसोडची एक चौकटही हलवावी लागली नाही.

कामत काका: हे मात्र मानलं. इथं कोणी समजावत बसत नाही. करून दाखवतात. फ्लूवाल्यांनी हे शिकायला हवं होतं.

शुभदा वहिनी: काका तुम्ही फ्लू सोडणार नाही आज.

रोहन: आणि काका, तुमच्या कामाचं एक. जुन्या फिल्मशी रंग आणि दाणा जुळावा म्हणून नव्या भागाचं शूटिंगही त्याच अंदाजानं केलं. जहाजाच्या मार्गिका नव्यानं बांधल्या. ग्रेग जीननं कर्कच्या जहाजाचं, एंटरप्राइजचं, मॉडेल नवं बनवलं. आणि खलनायक डार्विन, तो म्हातारा? चार्ली ब्रिल. १९६७ मध्येही तोच.

कामत काका: त्याला ओळखला मी. डोळ्यांवरून. मेकअपनं सगळं बदलतं, डोळे नाही बदलत.

नाईक (सेक्रेटरी): टाकीवाले आले आहेत. पाणी बंद.

आंतोन अंकल: सगळ्यांनी कपाळं बघितली. हात कोणी बघितला? मी बोटीवर जन्मभर इंजिनरूममध्ये काम केलं, तिथं नव्या माणसाचा चेहरा नाही, आधी हात बघतात. काल स्कॉटी, तो इंजिनीअर, ट्रिबल कवेत घेऊन येतो. उजव्या हाताचं मधलं बोट नाही.

शुभदा वहिनी: काय सांगता! मला नाही दिसलं.

आंतोन अंकल: दिसू नये म्हणूनच खटाटोप. जेम्स डूहन त्याचं नाव, कॅनडाच्या तोफखान्यात होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत जुनो बीचवर उतरला. दिवसभर वाचला आणि रात्री आपल्याच बाजूच्या पहारेकऱ्यानं घाबरून गोळ्या झाडल्या. सहा लागल्या. पायाला चार, छातीवरची सिगारेटच्या डबीनं अडवली, एक बोटाला. पुढे मालिकेत तो हात कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचे. पण कवेत ट्रिबल धरायचे तर दोन्ही हात लागतात ना.

कामत काका: आंतोन बाब, हे भारी सांगितलंत. खोटं बोट लावून काम भागलं असतं, सोपं आहे. पण हाताला मेकअप टिकत नाही, घामानं सुटतो.

आंतोन अंकल: इंजिनीअरला बोट नसणं मला तरी खटकलं नाही. आमच्यातही होते तसे.

रोहन: मी हा एपिसोड इतक्यांदा बघितला आणि मला बोट माहीत नव्हतं. देव बरें करूं, अंकल.

शुभदा वहिनी: ते दोन रुक्ष साहेब सुरुवातीला सिस्कोची चौकशी करतात, त्यांचं काय? त्यांच्या नावांवर तू आणि ईशान काल खिदळत होतात.

ईशान (नववी): काळ खात्याचे अधिकारी. लक्सली आणि डल्मर. अक्षरं हलवली की स्कली आणि मल्डर! 'एक्स-फाइल्स' मालिकेतली जोडी. आणि कर्कची फाइल त्यांच्याकडे सगळ्यात मोठी आहे, काळात ढवळाढवळ केल्याचे १७ गुन्हे.

रोहन: तसाच 'डीप स्पेस नाइन'च्या बारमधला मॉर्न. इंग्रजी अक्षरं फिरवली की 'चिअर्स' या विनोदी मालिकेतला नॉर्म. सगळे म्हणतात हा बडबड्या आहे, आणि आपल्यासमोर सात सीझनमध्ये तोंड उघडत नाही. आणि ४७! जो मेनॉस्की नावाचा लेखक पोमोना कॉलेजातला, तिथं ४७ आकड्याची जुनी थट्टा होती. तो मालिकेत आला आणि मग खोली ४७, ४७ सेकंद, ४७ माणसं, सगळीकडे ४७.

कामत काका: हे मला नाही आवडत. एकदा कळलं की माणूस आकडे टिपत बसतो आणि समोर कोण मरतंय त्याकडे लक्ष नाही.

शुभदा वहिनी: मला काल ईशाननं अजून एक सांगितलं. स्टार ट्रेकमधला तो खान, भारतातला शीख दाखवलाय म्हणे, १९९२ ते १९९६ पाव जगावर त्याचं राज्य होतं?

रोहन: हो, 'स्पेस सीड'. फेब्रुवारी १९६७ चा. तेव्हा १९९० चं दशक लांबचं भविष्य होतं. नट मेक्सिकोचा, रिकार्डो मोंताल्बान.

कामत काका: १९९२ मध्ये आपल्याकडे कोकणी आठव्या परिशिष्टात गेली. खान काही दिसला नाही. मराठीचं मात्र

नाईक (सेक्रेटरी): काका, भाषावाद ग्रुपवर नको. नियम क्र. ४.

कामत काका: बरं. पण तारीख उलटून गेल्यावर मालिकावाल्यांनी काय केलं?

रोहन: बरीच वर्षं काही नाही. मग २०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या स्टार ट्रेक मालिकेत रोम्युलन या परग्रहावरच्या जातीची एक हेर बाई वैतागून सांगते की हे सगळं १९९२ मध्ये व्हायचं होतं, पण काळात इतक्या जणांनी ढवळाढवळ केली की पुढं ढकललं गेलं. ती म्हणे किती वर्षं वाट बघत अडकून पडलेली.

शुभदा वहिनी: ही मला आवडली बाई. पालिकेच्या रस्त्यासारखं, व्हायचंच आहे, पुढं ढकललंय.

कामत काका: आणि वैतागून सांगते ना? मग चालेल. खुलासा करणाऱ्याला त्या खुलाशाचा त्रास झाला पाहिजे. वर्फला होतो. फ्लूवाला डॉक्टर अगदी शांतपणे समजावतो, तिथंच माझं डोकं

(काकांचा पुढचा मेसेज तासाभरानं)

कामत काका: करंट गेला होता. राहू दे आता.

नाईक (सेक्रेटरी): टाकी झाली. पाणी सोडले आहे, पहिली बादली गढूळ येईल. पुढच्या शनिवारी काय लावायचे ते आजच ठरवा, हॉलचे रजिस्टर भरायचे आहे.

ईशान (नववी): स्पेस सीड!! आणि त्याच्या मागोमाग १९८२ चा खानचा पिक्चर. त्यात खान कर्कच्या जहाजावरच्या चेकॉव्हला बघून म्हणतो मी चेहरा कधी विसरत नाही. पण स्पेस सीडमध्ये चेकॉव्ह नाहीच!

शुभदा वहिनी: नाही म्हणजे?

रोहन: तो नट, वॉल्टर कोनिग, दुसऱ्या सीझनला आला, सप्टेंबर १९६७. खान पहिल्या सीझनचा. कोनिग स्वतः गमतीनं सांगायचा, की मी खानला जहाजाच्या संडासाबाहेर ताटकळत ठेवलं होतं, ते तो विसरला नाही.

कामत काका: हा खुलासा मंजूर.

नाईक (सेक्रेटरी): रजिस्टरात 'विज्ञानपट, दोन' असे लिहितो. संध्याकाळी सात. भजी कोण करणार?