पहिली नोकरी: पगार बघावा की साहेब?

बाकावरचा

ऑफर लेटर आलं की मुलं थेट शेवटच्या पानावर जातात, कारण आकडा तिथं असतो. माझं मत अनेकांना रुचणार नाही, तरी मांडतो. पहिल्या नोकरीत पगार दुय्यम, कंपनीचं नावही दुय्यम. तुमचं काम रोज कोण तपासणार, हे आधी बघा.

परीक्षेत चुकलं तर मार्क जातात आणि विषय संपतो. कामावर चुकलं तर कुणाला तरी ते निस्तरावं लागतं. तो माणूस तुम्हाला शेजारी बसवून चूक दाखवतो, की मुकाट्याने दुरुस्त करून पुढच्या वेळी तुम्हाला बिनमहत्त्वाचं काम देतो, यावर पहिली दोन वर्षं ठरतात. काम वेळेत होणार नाही हे आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी सांगायचं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नसतं. कुणीतरी खडसावून शिकवावं लागतं.

मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचंय का?' म्हणतात, तेव्हा बहुतेक जण 'नाही सर' म्हणून उठतात. तिथंच विचारा: माझं काम कोण बघणार, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का, आणि आधी या जागेवर असलेली व्यक्ती आता कुठं आहे? शेवटच्या प्रश्नावर समोरचा चाचरला, तर काय ते समजून घ्या.

हिशेबनीस

असहमत. 'पगार दुय्यम' हे घरून पैसे मिळणाऱ्यांना परवडतं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साहेब किती प्रेमळ आहे ते बघत नाही.

आता हिशेब. दोघांची सुरुवात 100 आणि 110 ने झाली, दोघांनाही दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली, असं धरा. नऊ वाढींनंतर आकडे होतात साधारण 200 आणि 220. दहाचा फरक वीस झाला, आणि मधल्या वर्षांतला तोटा वेगळाच. वाढ टक्क्यांत मिळते, म्हणून सुरुवातीचा आकडा मानगुटीवर बसतो.

तेव्हा विचारा. एकदाच, पण विचारा. 'या कामासाठी माझी अपेक्षा अमुक होती, त्याच्या जवळपास जाता येईल का?' एवढं वाक्य पुरे. घरच्या अडचणी सांगू नका; त्यांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. फार तर 'नाही' म्हणतील. सभ्यपणे विचारल्यावर ऑफरच काढून घेणारी जागा मुळात जाण्यालायक नव्हती.

बाकावरचा

@हिशेबनीस, गणित बरोबर, गृहीतक चूक. माणूस नऊ वर्षं एकाच दराने वाढत बसेल हे कुणी सांगितलं? मोठी उडी नोकरी बदलताना मिळते, आणि तेव्हा विचारतात की तुम्ही स्वतः काय केलंत. ते सांगायला काही असेल, तर शंभराचा एकशेदहा व्हायला वेळ लागत नाही.

हिशेबनीस

अहो, उडी मारतानाही पहिला प्रश्न 'आधीचा पगार किती?' हाच असतो, आणि त्यावर वीस-तीस टक्के लावून मोकळे होतात. ही अडचण मी कल्पनेतून काढलेली नाही. युरोपीय संघाच्या 2023 च्या वेतन-पारदर्शकता निर्देशात उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी आहे, आणि सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा आधीच सांगायचं बंधन आहे. जुना आकडा पाठ सोडत नाही, म्हणूनच ना हा उपाय?

उंबरठ्यावरची

मोठ्यांच्या वादात पडते. तुम्ही दोघंही हातात ऑफर आहे असं धरून चाललात. इथं अर्जांना साधी पोच येत नाही. आणि साहेब निवडा म्हणजे नेमकं कसं? मोठ्या कंपन्या घाऊक भरती करतात तेव्हा रुजू होईपर्यंत टीमच कळत नाही. मुलाखत घेणारे एक, ऑफर पाठवणारे दुसरे, काम देणारे तिसरेच.

मधली_सुट्टी

भरतीच्या बाजूने बसते, म्हणून दोन शब्द. अर्ज टाकत राहणं आवश्यक आहे, पण फक्त तेवढंच करू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा अभ्यास बघा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की हा ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे फक्त 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे 55.6, क्वचित भेटणारे 27.8. जवळच्या मित्रांना तुम्हाला माहीत असतं तेच माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. चार वर्षं पुढे असलेल्या सिनियरला लिहा. पण 'माझा सीव्ही पुढे पाठवाल का' असं नको, 'तुमच्या कामात पहिल्या वर्षी काय करायला देतात' असं विचारा. त्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नका, मग ते 'नोंदणी' म्हणून असोत की 'प्रशिक्षण शुल्क' म्हणून. खासगी रोजगार संस्थांनी उमेदवाराकडून शुल्क घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या करारातच (क्रमांक 181) आहे.

उंबरठ्यावरची

तो अभ्यास मी वाचलाय. ती माणसं नोकरी *बदललेली* होती, म्हणजे आधी नोकरी होतीच. आणि ती टक्केवारी 54 जणांची आहे. आमच्या लांबच्या ओळखी म्हणजे आमच्यासारखेच बेकार. :)

मधली_सुट्टी

हे मान्य, नमुना लहान होता. पण 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले, त्यातही फार घट्ट ओळखींपेक्षा बऱ्यापैकी सैल ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. अगदीच नावापुरत्या मात्र नाहीत.

खडूस_म्हातारा

साहेब, पगार... कागद कुणी वाचायचा? बाकावरच्यांचा तो गुणी साहेब सहा महिन्यांत दुसरीकडे गेला की तुम्ही त्याच्या मागे जाणार का? साहेब बदलतो, सही केलेला करार तसाच राहतो. प्रोबेशन किती, त्या काळात नोटीस किती आणि कायम झाल्यावर किती, बॉण्ड आहे का, मधेच सोडलं तर किती भरायचे, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का? मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. एकूण पॅकेजमधला 'कामगिरीनुसार' भाग वजा करून दरमहा हातात काय पडतं ते विचारावं. तोंडी आश्वासन मिळालं असेल, तर त्याच संध्याकाळी 'आज बोलल्याप्रमाणे' म्हणून मेल टाकावी.

बाकावरचा

@खडूस_म्हातारा, दंडवत. पण साहेब सहा महिन्यांत गेला तरी त्या सहा महिन्यांत शिकलेलं आपल्याजवळच राहतं. मुद्दा सोडत नाही. :)

उंबरठ्यावरची

मग एक खराखुरा प्रश्न. एका ठिकाणची ऑफर आली आहे, दोन दिवसांत कळवायचंय. जास्त आवडलेल्या दुसऱ्या ठिकाणी शेवटची फेरी पुढच्या आठवड्यात. हिला हो म्हणून ठेवू का?

हिशेबनीस

हो म्हणा. कंपन्याही रुजू होण्याच्या तारखा बिनदिक्कत पुढे ढकलतात. दुसरी मिळाली तर रुजू होण्याआधी नम्रपणे कळवायचं.

मधली_सुट्टी

कृपया असं नको. तुम्ही हो म्हटलंत की बाकी उमेदवारांना आम्ही नकार कळवतो. आधी पहिल्यांकडे आठवडाभराची मुदत मागा, कारणही खरं सांगा. दुसऱ्यांनाही सांगा की हातात ऑफर आहे, फेरी अलीकडे घेता येईल का? तसं करणं आमच्यासाठी सहसा अवघड नसतं, फक्त कुणी विचारत नाही.

हिशेबनीस

आणि मुदत नाकारली तर?

मधली_सुट्टी

तर दुसरी मिळणारच नाही असं धरून ठरवा. पहिली नोकरी एरवी घेतली असती का? घेतली असती तर घ्या, आणि मग दुसरी फेरी रद्द करा.

हिशेबनीस

रद्द कशाला? फेरी द्यायचीच. @उंबरठ्यावरची, यांचं ऐकू नका.